शंभर-सव्वाशे म्हणतो, शंभर-एकशेदोन का नाही?

"लग्नाला किती माणसं होती?" "असतील शंभर-सव्वाशे." असं उत्तर ऐकलं की काही जण वैतागतात. मोघम बोलणं म्हणजे मोघम विचार, आपल्या लोकांना मापाचं भानच नाही, असा शेरा वरचेवर वाचायला मिळतो. मला तो मुळीच पटत नाही. या मोघमपणाला पक्कं गणित आहे.

दहा-बारा, शंभर-सव्वाशे, हजार-बाराशे या जोड्या बघा. दहाच्या पुढे दोनची सूट, शंभराच्या पुढे पंचवीसची, हजाराच्या पुढे दोनशेची. फरक वाढत जातो, गुणोत्तर मात्र १.२ ते १.२५ एवढंच राहतं. शंभर-एकशेदोन पाहुणे आले, असं कोणी म्हणत नाही.

जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये वजनांबाबत हेच मांडलं. हातातल्या हलक्या वजनात थोडी भर पडली तरी कळते. जड वजनात तेवढीच भर पडली तर पत्ताही लागत नाही. फरक जाणवायला मूळ वजनाचा ठरावीक हिस्सा वाढावा लागतो. १८७१ मध्ये अर्थशास्त्रज्ञ विल्यम जेव्हन्स यांनी पेटीत घेवड्याचे दाणे टाकून एका नजरेत त्यांचा आकडा सांगायचा प्रयोग स्वतःवरच केला. चार दाण्यांपर्यंत ते चुकले नाहीत. पाचपासून चुका सुरू झाल्या आणि दाण्यांबरोबर वाढत गेल्या.

याचं कारण चेतापेशींत सापडतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. २००२ मध्ये अँड्रियास नीडर आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूच्या पुढच्या भागात संख्येला प्रतिसाद देणाऱ्या पेशी नोंदवल्या. चार ठिपके दिसले की सर्वात जोरात चेतणारी पेशी तीन आणि पाच ठिपक्यांनाही थोडीफार चेतते. तिच्या प्रतिसादाचा आलेख टेकडीसारखा दिसतो. पेशी ज्या संख्येला सर्वात जोरात चेतते ती जितकी मोठी तितकी तिची टेकडी पसरट, म्हणून शेजारच्या टेकड्या एकमेकींवर चढतात आणि नेमका आकडा हातून निसटतो. आता आडव्या अक्षावर संख्येऐवजी तिचा लॉगॅरिथम घ्या, म्हणजे १, १०, १००, १००० हे आकडे सारख्या अंतरावर येतील अशी पट्टी. टेकड्यांची रुंदी जवळपास सारखी होते! याच पट्टीवर १० ते १२ आणि १००० ते १२०० ही अंतरं तंतोतंत समान असतात, कारण लॉगॅरिथममध्ये समान गुणोत्तराचं समान अंतर होतं.

कालावधीच्या अंदाजातही चूक साधारण याच प्रमाणात वाढते. आज 'घटकाभर बस' म्हणजे थोडा वेळ. पण घटका हे २४ मिनिटांचं नेमकं माप होतं, पाण्यात बुडणाऱ्या घटिकापात्राने मोजलेलं. इथे एक सांगायलाच हवं. 'त्रुटी' या सूक्ष्म एककाचा दाखला देऊन पूर्वज सेकंदाचे हजारो भाग मोजत होते, असे संदेश फिरतात. एककाला नाव देणं वेगळं आणि ते मोजता येणं वेगळं. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथातच 'प्राण' या एककापासूनच्या, म्हणजे सुमारे चार सेकंदांपासूनच्या काळाला मूर्त (प्रत्यक्ष मोजता येणारा) आणि त्रुटीपासूनच्या काळाला अमूर्त म्हटलं आहे.

मात्र अंदाजावर जिथे कोणाचं पोट अवलंबून असतं, तिथे शब्दाला हद्द आखावीच लागते. हवामान खात्याच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. महाराष्ट्रात पिकांच्या नुकसानभरपाईसाठी 'अतिवृष्टी' म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथे साठ-पासष्ट म्हणून चालत नाही. पर्जन्यमापकातला आकडाच लागतो.