नकलेतलं एक भोक

सोलापूरच्या पूर्व भागात जुन्या पद्धतीच्या चादरीच्या कारखान्यात शिरलात, की मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरताना दिसते. जॅकार्ड. भोक असेल तसा धागा उचलला जातो आणि चादरीवर मोर उमटतो. समजा, मूळ पुठ्ठे कपाटात ठेवून मागावर त्यांची नक्कल चढवली आणि कोणी त्या नकलेतलं एकच भोक बदललं, तर? मोराची मान वाकडी होईल. कपाटातल्या पुठ्ठ्यांना पत्ताही लागणार नाही.

आपल्या पेशींत हे रोज चालतं. मूळ डीएनए कपाटात, त्याची नक्कल म्हणजे आरएनए मागावर. एडार-१ नावाचं एन्झाइम दुपदरी आरएनएतल्या एडेनोसिन या अक्षराचं इनोसिन करतं, आणि प्रथिनं बनवणारी यंत्रणा त्याला ग्वानोसिन हे तिसरंच अक्षर समजून वाचते. या करामतीचा पहिला सुगावा १९८७ मध्ये बेडकाच्या अंड्यांत लागला.

खरी गंमत मात्र नक्षीत नाही, पहाऱ्यात आहे. दुपदरी आरएनए दिसला, की एमडीए-५ हा पेशीचा पहारेकरी विषाणू आल्याची बोंब मारतो. एडार-१ घरच्या आरएनएत बदल करून 'हा आपलाच' अशी खूण ठेवतं. त्यात बिघाड असेल, तर विषाणू नसतानाही इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्धचा इशारा देणारं प्रथिन, उसळतं आणि तान्ह्या बाळाच्या मेंदूला इजा होते. हा एकार्डी-गुटिएर सिंड्रोम. त्याचा एडार-१शी संबंध २०१२ मध्ये कळला. काही कर्करोगाच्या पेशीही याच एन्झाइमच्या आडोशाने तगतात.

पण पेशीतल्या हजारो प्रथिनांतून एडार-१ ओळखायचं कसं? त्यासाठी अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं प्रतिपिंड, लागतं. प्रथिनं आकारानुसार वेगळी करून पातळ पडद्यावर उतरवतात. पडदा आधी चक्क दुधाच्या पावडरीच्या द्रावणात भिजवतात, म्हणजे अँटिबॉडी भलतीकडे चिकटत नाही. मग अँटिबॉडी लावली, की ती जिथे चिकटते तिथे रेघ उमटते. एडार-१च्या रेघा दोन: ११० आणि १५० किलोडाल्टनपाशी (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचं माप). धाकटं रूप मुख्यतः केंद्रकात, कायम असणारं. थोरलं इंटरफेरॉनच्या हाकेला वाढणारं, आणि त्या बाळांच्या आजारात महत्त्वाचं तेच. दोघांच्या सामाईक भागाला धरणारी अँटिबॉडी दोन्ही रेघा दाखवते. फक्त थोरलं हवं असेल, तर त्याच्या सुरुवातीच्या जादा तुकड्याला धरणारीच घ्यावी लागते.

अँटिबॉडीच्या बाटलीवरच्या लेबलवर माझा भरवसा नाही. एडार-१चं जनुकच काढून टाकलेल्या पेशींवर ती लावून बघावी. तिथेही रेघ उमटली, तर तिने दुसऱ्याच कुणाला तरी धरलंय, आणि तिच्या जोरावर विणलेलं सगळं उसवावं लागतं.