सैल हात, आखडता हात: पोकरच्या दोन शैली कुठून आल्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा तीन पत्तीत मुरलेला खेळाडू चोर्ला घाट उतरून पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोत पोकरला बसला, की बहुतेक प्रत्येक डावात उतरतो. पोकरवाले त्याला 'लूज' म्हणतात. मोजक्या पानांवरच उतरणारा तो 'टाइट'. लोक याला स्वभाव समजतात. खरं तर तो हिशेब आहे, फक्त दुसऱ्या खेळाचा.

तीन पत्तीला सहाजण बसले, बूट (पानं वाटण्याआधी प्रत्येकाने भरायची रक्कम) १० रुपये. पहिल्याच माणसासमोर ६० रुपये पडलेले असतात. ब्लाइंड खेळला तर १० भरायचे, पानं बघितली तर चाल दुप्पट, २०. म्हणजे न बघणाऱ्यालाच सवलत! ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात, पैकी १६,४४० संचांत साधी जोडीही नसते. शंभरातले चौऱ्याहत्तर हात फुसके आणि पैसा मात्र आधीच मध्ये. इथे सैल हातच शहाणा.

ही सवलत ब्रॅग या जुन्या इंग्रजी खेळातली. तीन पत्ती त्यातूनच निघाली. पोकरची वाट निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सकडे तो २० पानांत चाले, पुढे ५२ पानं आली आणि पानं बदलून घ्यायची सोयही. त्या प्रकारात पाचही पानं झाकलेली, बदल एकदाच. किमान गुलामाची जोडी असल्याशिवाय डाव उघडायचा नाही, असा नियमच काही टेबलांवर पडला. आखडत्या हाताची शिस्त तिथली.

टेक्सासच्या होल्डम या पोकरच्या प्रकारात दोन पानं हातात आणि पाच सगळ्यांसाठी उघडी. त्यामुळे बदामची पंजी-छक्कीही जीव धरू लागली. अमेरिकन पोकरपटू डॉइल ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशा दोन्ही वर्षी जागतिक स्पर्धेचा शेवटचा डाव दश्शी-दुर्रीवर जिंकला. हे ऐकून दश्शी-दुर्री धरून बसणारे आजही भेटतात. ब्रन्सनचा भर मात्र रक्कम चढवून समोरच्याला पानं टाकायला लावण्यावर होता. नुसते पैसे भरत मागे राहण्यावर नव्हे.

आपला माणूस चुकतो तो इथेच. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनीच सक्तीने भरायची रक्कम. ५-१० च्या ब्लाइंडला मध्ये फक्त १५ असतात आणि उतरायला १० लागतात. तीन पत्तीत सहास एक मिळत होतं, इथे दीडास एक. नऊजणांच्या टेबलावर बाकी सात जणांनी तर काहीच भरलेलं नसतं, मग त्यांनी कशाला घाई करावी? अशा टेबलावर टाइट खेळाडू शंभरात पंधराएक हात खेळतो, लूज तीसहून जास्त. प्रत्येकाकडून अँटी, म्हणजे बुटासारखी आधीची रक्कम, घेतली की मधली रक्कम फुगते आणि तेवढा हात सैल करावा लागतो. नियम तोच, बुटाचाच.

उलट टोकही नुकसानीचंच. तासभर गप्प बसलेल्याने एक्क्यांच्या जोडीवर रक्कम चढवली, की सगळे पानं टाकतात आणि पदरात पडतात ते १५ रुपये.

हा फरक घरबसल्या शिकायची सोय ऑनलाइन टेबलांनी केली होती. कर्नाटकाने २०२१ मध्ये त्यांवर बंदी घातली, ती उच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२२ रोजी रद्द केली. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र पैशांचा ऑनलाइन खेळ देशभर बंद केला.