अहवाल ताजा हवा, कार्ड मुरलेले हवे

क्रूझला निघालेल्या नातेवाइकांची आणि ओळखीच्या मंडळींची कागदपत्रे एकदा नजरेखालून घालण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आपसूक आले आहे. राजारामपुरीतल्या आमच्या दिवाणखान्यात पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटांची चळत टेबलावर मांडली जाते, आणि चहा येईपर्यंत कोणीतरी तोच प्रश्न विचारतो: "ते इंजेक्शन बहात्तर तासांच्या आतच घ्यायचे ना?" इंजेक्शनाचा आणि बहात्तर तासांचा काडीचाही संबंध नाही, हे आता मी इतक्या वेळा सांगितले आहे की एकदा लिहून ठेवलेले बरे.

घोळ दोन कागदांचा आहे. एक म्हणजे आजार नसल्याचा चाचणी अहवाल आणि दुसरा म्हणजे पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीवरच्या, लसीचे पिवळे कार्ड. दोन्हींना सरसकट 'हेल्थ सर्टिफिकेट' म्हणण्याची सवय यात्रा कंपन्यांनी लावली आणि आपणही ती आनंदाने उचलली. हा शब्द वापरणे आधी थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एकदा दोन्हींना एकच नाव पडले की एकाचे नियम दुसऱ्याला आपोआप चिकटतात.

चाचणी अहवालाविषयी फार सांगण्याची गरज नाही. २०२० ते २०२२ या काळात नाकात काडी न घातलेला माणूस कोल्हापुरात शोधूनही सापडणार नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' या जहाजावरील ३,७११ जणांपैकी ७१२ जण कोरोनाबाधित निघाले आणि त्यानंतर जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वी चाचणी ही जगभराची रीत झाली. अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेने क्रूझ जहाजांसाठीचा आपला कोविड कार्यक्रम १८ जुलै २०२२ रोजी बंद केला, आणि आज बहुतेक जहाजांवर चढताना आरोग्याच्या प्रश्नावलीपलीकडे काही मागितले जात नाही. चाचणी पुन्हा मागण्याचा अधिकार मात्र कंपन्या आपल्या अटींमध्ये राखून ठेवतात, त्यामुळे निघण्याआधीच्या आठवड्यात आलेला कंपनीचा प्रत्येक ईमेल वाचावा.

अहवालाच्या बाबतीत एवढेच पक्के ठेवावे की घड्याळ नमुना दिल्याच्या क्षणापासून चालू होते, अहवाल हातात पडल्यापासून नव्हे. 'बहात्तर तास' आणि 'तीन दिवस' हेही एक नव्हे. जहाज मुंबईहून शनिवारी सायंकाळी ५ वाजता सुटणार असेल आणि नियम बहात्तर तासांचा असेल, तर बुधवारी सकाळी १० वाजता दिलेला नमुना बाद ठरतो. नियम तीन दिवसांचा असेल तर बुधवारी कधीही दिलेला नमुना चालतो. अमेरिकेने जानेवारी २०२१ मध्ये विमानप्रवाशांसाठी चाचणी सक्तीची केली तेव्हा नियमात मुद्दाम तासांऐवजी दिवस मोजले, ते याचसाठी की विमानाच्या आणि नमुन्याच्या वेळेवर कोणाचा प्रवास अडू नये. आपल्याला रात्रभर रेल्वेत बसून मुंबई गाठायची असल्याने हे सात-आठ तास लहान नाहीत.

आता खऱ्या अडचणीकडे येतो. अहवाल आणि कार्ड यांची मुदत एकमेकींच्या नेमक्या उलट दिशेने धावते. अहवाल विशिष्ट वेळेपेक्षा जुना असता कामा नये. कार्ड विशिष्ट वेळेपेक्षा नवे असता कामा नये. पीतज्वराची लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी कार्ड वैध होते आणि त्यानंतर ते आयुष्यभर वैध राहते. पहिल्या दहा दिवसांत ते तुमच्या खिशात असले, त्यावर सही आणि शिक्का असला, तरी नियमाच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य असतो.

आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर चाचणी अहवाल हा गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या धारोष्ण दुधासारखा असतो, समोर धार काढली आणि तिथेच पेला रिकामा केला तर त्याची गोडी. पिवळे कार्ड हे नव्या कोल्हापुरी चपलेसारखे असते. ती आज विकत घेऊन उद्या पायी जोतिबाच्या डोंगराला निघणाऱ्याचे काय होते, हे सांगायला नको. तिला तेल पाजून, काही दिवस घरातल्या घरात वापरूनच बाहेर काढावे लागते.

ही उलटी दिशा कोणा अधिकाऱ्याच्या लहरीतून आलेली नाही. चाचणी फक्त त्या क्षणाबद्दल बोलते: काडी नाकात फिरली तेव्हा तिथे विषाणू सापडला की नाही, इतकेच तिला ठाऊक असते, आणि त्यानंतर तुम्ही लग्नाच्या पंगतीला जाऊन आलात तर तिला त्याचा पत्ता नसतो. म्हणून दर तासाला तिच्या शब्दाचे वजन कमी होत जाते. लस मात्र शरीराला काम लावते. या लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो, त्याला ओळखून प्रतिपिंडे तयार व्हायला वेळ लागतो, आणि बहुसंख्य लोकांत दहाव्या दिवसापर्यंत पुरेसे संरक्षण उभे राहते. दहा दिवसांची अट ही त्या तयारीची मुदत आहे.

आमच्या नात्यातल्या एका निवृत्त काकांनी याचा फटका जवळजवळ खाल्लाच होता. ब्राझीलमधील सँटोस बंदरातून निघणाऱ्या जहाजाची त्यांची सहल होती आणि यात्रा कंपनीच्या सूचनापत्रात 'आरोग्यविषयक कागदपत्रे प्रवासापूर्वी ७२ तासांच्या आतील असावीत' असे एकच वाक्य होते. मी त्यांना महिनाभर आधी लस घेऊन टाका म्हटले, तर ते म्हणाले, "अहो, इतक्या लवकर घेऊन करायचे काय? शिळे होईल ना ते!" वाक्य कंपनीचे चुकीचे आणि तर्क काकांचा बरोबर, अशी ती गंमत होती. समजा विमान २० तारखेचे आहे. लस १७ तारखेला घेतली, तर कार्ड वैध होणार २७ तारखेला. १० तारखेला किंवा त्याआधी घेतली, तरच विमानात बसताना ते कामाचे. मी स्वतः हिशेब दहा दिवसांवर आणतच नाही, किमान महिना धरतो. लशीच्या कुपीत एकाहून अधिक जणांचे डोस असतात आणि ती विरघळवल्यावर काही तासांतच संपवावी लागते, त्यामुळे केंद्रे ठरावीक दिवशी, आधी नाव नोंदवून लोकांना बोलावतात. ठरलेला दिवस चुकला तर पुढचा कधी मिळेल, हे आपल्या हातात नसते.

हे कार्ड कोणाला हवे असते, याबद्दलही गैरसमज आहे. ब्राझीलला किंवा केनियाला जाणारा माणूस समजतो की ते तिथल्या विमानतळावर दाखवायचे आहे. आपल्या बाबतीत ते प्रामुख्याने भारत मागतो, आणि तेही परत येताना. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस इजिप्ती डास मात्र घरोघरी आहे. एक बाधित प्रवासी आला तर पुढचे काम डास करतील, म्हणून आपला नियम इतका कडक आहे. पीतज्वराची जोखीम असलेल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत वैध कार्डाशिवाय भारतात उतरलेल्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे, याला इथे महत्त्व नाही. तुम्ही कोणत्या वाटेने आलात, हे पाहिले जाते. जहाजाने येणाऱ्यांसाठी तर आणखी एक कलम आहे: जहाज भारतात पोहोचण्यापूर्वी ३० दिवसांत जोखमीच्या देशातील बंदराला लागले असेल आणि त्यावर रीतसर कीटकनाशक फवारणी झालेली नसेल, तर त्यावरील प्रवाशांनाही हा नियम लागू होतो.

यावर एखादा हुशार गृहस्थ म्हणतो की परतताना हवे आहे ना, मग निघण्याच्या आदल्या दिवशी लस घेतली तरी सहलीतच दहा दिवस भरतील. गणित बरोबर आहे, तरीही हा सल्ला मी कोणालाही देत नाही. ब्राझीलहून निघालेले जहाज पुढे कॅरिबियन बेटांना लागणार असेल, तर त्यातली काही बेटे ब्राझीलहून येणाऱ्यांकडे हेच कार्ड मागतात, आणि ती मागणी जहाजावर चढतानाच तपासली जाऊ शकते. शिवाय जिथे आजार आहे तिथले पहिले दिवस संरक्षणाशिवाय काढण्यात कोणता शहाणपणा आहे?

बाकीचे फरक किरकोळ आहेत. अहवाल कोणतीही मान्यताप्राप्त प्रयोगशाळा देते आणि बहुधा फोनवर दाखवला तरी चालतो. कार्ड केवळ केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या केंद्रांवर मिळते आणि ते मूळ कागदाच्या रूपातच जवळ ठेवावे लागते. लसीला जाताना मूळ पासपोर्ट न्यावा आणि नाव अक्षरशः जुळते का ते तिथेच पाहावे. साठी ओलांडलेल्यांनी, गर्भवतींनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी नोंदणीआधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. भारताच्या नियमात नऊ महिन्यांखालील बाळांना सूट आहे.

राहता राहिले जुने कार्ड. पूर्वी ही मुदत दहा वर्षांची होती. ११ जुलै २०१६ पासून ती आजीवन झाली आणि जुन्या कार्डांनाही हा बदल लागू आहे. तरीही 'मुदत संपली' म्हणून लोकांना पुन्हा लस घ्यायला पाठवणारे एजंट आजही भेटतात, आणि याहून वाईट म्हणजे काही जण कार्डावरची जुनी तारीख पेनाने खोडून वर 'आजीवन' असे लिहून आणतात. कार्डावर खाडाखोड झाली की ते अवैध ठरू शकते, असे त्या कार्डावरच छापलेले असते. जुनी तारीख दिसत असेल तर दिसू द्यावी.