वस्तुमानाचे मोलमध्ये रूपांतर

तराजूवर भरलेल्या वस्तुमानावरून पदार्थात किती मोल (कणांची संख्या सांगणारे एकक) आहेत हे काढण्याची ही रसायनशास्त्रातील प्राथमिक आकडेमोड आहे. अभिक्रियेत कण ठरावीक संख्येच्या प्रमाणात भाग घेतात; परंतु कण मोजणे शक्य नसल्यामुळे वजन करून संख्येपर्यंत पोचावे लागते. त्यासाठी ग्रॅममधील वस्तुमानाला पदार्थाच्या मोलर वस्तुमानाने, म्हणजेच त्याच्या १ मोलच्या वस्तुमानाने, भागतात.

१ मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. १९७१ मध्ये मोलला मूलभूत एककाचे स्थान मिळाले तेव्हा त्याची व्याख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधील अणूंच्या संख्येवर आधारलेली होती. २० मे २०१९ पासून ती संख्याच निश्चित धरली जाते. वर्गातल्या गणितांना या बदलाची झळ लागत नाही.

भागाकार सोपा असतो; चूक होते ती बहुधा भाजक निवडताना. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी वापरला जाणारा मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट, हे याचे चांगले उदाहरण आहे. तांबे ६३.५५, गंधक ३२.०६ आणि ऑक्सिजनच्या ४ अणूंचे ६४.०० अशी बेरीज केली की कॉपर सल्फेटचे मोलर वस्तुमान १५९.६१ ग्रॅम येते. मात्र निळ्या स्फटिकात दर सूत्रामागे पाण्याचे ५ रेणू बांधलेले असतात, आणि ते धरल्यास हा आकडा २४९.६९ होतो. म्हणून १० ग्रॅम निळ्या मोरचुदात ०.०४०० मोल असतात. पाणी विसरून भागाकार केला तर ०.०६२७ हे दीडपटीहूनही मोठे उत्तर मिळते. परीक्षानळीत तापवल्यावर हेच स्फटिक पाणी सोडून पांढरे पडतात, आणि त्या पांढऱ्या भुकटीसाठी मात्र १५९.६१ हाच भाजक योग्य असतो.

कण कोणता, हेही आधी ठरवावे लागते. ३२ ग्रॅम ऑक्सिजन वायूत रेणूंचा १ मोल, पण अणूंचे २ मोल असतात. मिठात सुटे रेणूच नसल्यामुळे तेथे सूत्र वस्तुमान (सूत्रातील अणूंच्या वस्तुमानांची बेरीज), ५८.४४ ग्रॅम, घेतात. वस्तुमान मिलिग्रॅममध्ये असेल तर ते आधी ग्रॅममध्ये आणावे लागते.

प्रयोगशाळेत प्रत्यक्ष गरज अनेकदा उलट्या दिशेची असते: मोरचुदाचे ०.१ मोलर तीव्रतेचे (दर लिटरला ०.१ मोल) २५० मिलिलिटर द्रावण करायचे असेल, तर लागणाऱ्या ०.०२५ मोलला २४९.६९ ने गुणून ६.२४ ग्रॅम स्फटिक तोलून घेतात.