सीपॅप यंत्रोपचार

सीपॅप यंत्रोपचार : झोपेत घशाचा मार्ग मिटून श्वास पुन्हा पुन्हा अडतो, त्या विकारावर म्हणजे निद्रा श्वासरोधावर करायचा उपचार. यात मास्कमधून दाबाखालची हवा रात्रभर सतत देतात. बोलण्यात विकाराला ‘स्लीप ॲप्निया’ आणि यंत्राला नुसते ‘मशीन’ म्हणतात. ‘बाबांना मशीन लागलंय’ असे ठाण्यात कोणी म्हटले की ऐकणारा चपापतो. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची मशिने शोधत फिरलेल्या घरांना ‘बायपॅप’ हे याच जातीतल्या यंत्राचे नाव आयसीयूच्या दारातच कळले. पण सीपॅप वेगळा ऑक्सिजन देत नाही. खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबाने नाकात सोडायची, एवढेच त्याचे काम.

जागेपणी स्नायूंच्या ताणामुळे घसा उघडा राहतो. झोप लागली की स्नायू सैलावतात, जीभ व मृदू टाळू मागे कलतात आणि वाट अरुंद होते. घोरणे चढत जाते आणि मग एकदम थांबते. शेजारी झोपलेल्याला हायसे वाटते ते नेमके याच क्षणी, आणि तिथेच फसगत होते. त्या वेळी श्वासच बंद असतो. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, धाप घेतल्यासारखा श्वास येतो आणि चक्र पुन्हा सुरू होते. किमान १० सेकंदांचा खंड श्वासरोध धरतात. पूर्ण किंवा अर्धवट असे खंड तासाला ५ ते १५ असतील तर विकार सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. हा फक्त लठ्ठ माणसांचा आजार नाही. लहान जबडा असलेल्या सडपातळ माणसालाही तो होतो.

दिवसाच्या झोपाळूपणाची पातळी मोजायला १९९१ साली मेलबर्नमध्ये तयार झालेली ८ प्रश्नांची एपवर्थ श्रेणी वापरतात. एकूण गुण २४, १० च्या वर गेले की पुढे तपासायचे. त्यातला शेवटचा प्रश्न, वाहतुकीत गाडी काही मिनिटे थांबली असता डुलकी लागते का, ठाण्याच्या कोंडीतल्या घोडबंदर रोडवाल्याला विचारायचा तर ‘काही मिनिटे’ वर तो हसेल. ठाणे-वाशी लोकलमध्ये सुरुवातीलाच, ऐरोलीच्या आत मान टाकणाऱ्यांवरूनही काही ठरत नाही. पुरेशी झोपच न मिळालेला माणूसही तशीच मान टाकतो. निदान होते ते स्लीप स्टडीने. रात्रभर मेंदूच्या लहरी, श्वास, छाती-पोटाची हालचाल आणि ऑक्सिजन नोंदवतात. सरळ प्रकरणात बोटाला, नाकाला आणि छातीला लावायचे छोटे यंत्र घरी नेऊनही भागते.

उपचाराची कल्पना सिडनीचे डॉ. कॉलिन सलिव्हन यांची. १९८१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी व सहकाऱ्यांनी ५ रुग्णांवरचा अनुभव मांडला. दाबाची हवा घशाला आतून टेकू देते, म्हणून तो मिटत नाही. दाब पाण्याच्या स्तंभाच्या भाषेत ४ ते २० सेंटिमीटर. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम १ टक्का. ‘ऑटो’ यंत्रे गरजेप्रमाणे दाब आपणच कमी-जास्त करतात.

बायपॅपमध्ये श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी, असे दोन दाब असतात. लठ्ठपणामुळे श्वसन उथळ होऊन रक्तात कार्बन डायऑक्साइड साठणे, काही स्नायुविकार, सीओपीडी हा फुप्फुसांचा जुनाट आजार यांत तो लागतो. मेंदूकडून श्वासाचा आदेशच न येण्याचा ‘सेंट्रल’ प्रकार वेगळा. त्यावरचे एएसव्ही हे श्वासागणिक दाब बदलणारे यंत्र हृदयाची पंप करण्याची शक्ती खूप उतरलेल्यांत हानिकारक ठरल्याचे २०१५ च्या एका मोठ्या चाचणीत दिसले. म्हणून शेजाऱ्याचे मशीन उसने आणून लावू नये.

यंत्र चालते की कपाटात जाते हे किमतीवर कमी आणि मास्कवर जास्त ठरते. नाकपुड्यांत बसणारा, नाकावरचा आणि तोंडासह झाकणारा ‘फुलफेस’, असे तीन प्रकार आहेत. तोंड उघडे टाकून झोपणाऱ्याला नाकाच्या मास्कमधून हवा तोंडावाटे निघून जाते. भरघोस मिशी असेल तर कडेने फुसफुस होते, आणि ती थांबवायला पट्टे आवळले की सकाळी नाकाच्या दांडीवर लाल वळ. मास्कची भोके मात्र बुजवायची नाहीत. उच्छ्वास तिथूनच जातो.

ह्युमिडिफायरचा, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या पाण्याच्या टाकीचा, त्रास ठाणे-नवी मुंबईच्या हवेत वेगळा. पावसाळ्यात वाशी-नेरूळला तो बऱ्याच जणांना लागतही नाही. पण एसी २० वर ठेवून तो चालू ठेवला की गार नळीत वाफेचे थेंब जमतात, मध्यरात्री गुडगुड ऐकू येते आणि एखादा थेंब थेट नाकात. नळीवर कापडी खोळ चढवावी, यंत्र उशीपेक्षा खाली ठेवावे. टाकीत डिस्टिल्ड पाणीच घालावे. आरओचे पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. हायवेलगतच्या घरात फिल्टर लवकर काळा पडतो, तो पुस्तिकेतल्या मुदतीची वाट न पाहता बदलावा.

यंत्र विकार बरा करत नाही. लावले त्या तासांपुरता घसा उघडा राहतो. त्यामुळे दुपारच्या वामकुक्षीलाही ते लावायचे असते, आणि महापे-ऐरोलीला रात्रपाळी करणाऱ्याने दिवसा. दिवसाची गुंगी व घोरणे यांवर त्याचा गुण स्पष्ट आहे, रक्तदाबही थोडा उतरतो. हृदयविकाराचा झटका टळतो का, याचे उत्तर तितके सरळ नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २,७१७ जणांच्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही, मात्र त्यांनी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावले होते. नियमित वापर म्हणजे रोज किमान ४ तास, तेही १० पैकी ७ रात्री, असा ढोबळ निकष मानतात. आदल्या रात्रीचे तास, गळती आणि उरलेले खंड बहुतेक यंत्रांच्या पडद्यावर सकाळी दिसतात.