हॅल्सियन: खंड्याच्या नावाने आलेली शांतता

सरलेल्या सुखाच्या काळाबद्दल लिहिताना इंग्रजी लेखक ‘हॅल्सियन डेज’ असे म्हणतात. हॅल्सियन म्हणजे शांत, निवांत, वादळाचा मागमूस नसलेले. रोजच्या बोलण्यात हे विशेषण फारसे येत नाही. मुळात ते एका पक्ष्याचे नाव. ग्रीक लोक खंड्याला ‘अल्क्योन’ म्हणत. पुढे कोणीतरी त्याचा संबंध समुद्रासाठीच्या ‘हाल्स’ या ग्रीक शब्दाशी जोडला आणि सुरुवातीला ‘ह’ चिकटला तो कायमचाच.

खंड्याचा आणि शांततेचा संबंध एका शोककथेतून आला. वाऱ्यांचा अधिपती इओलस याची मुलगी अल्क्योनी. तिचा नवरा सीइक्स जहाज बुडून मेला. किनाऱ्याकडे वाहत आलेले त्याचे प्रेत दिसताच तिने समुद्राकडे झेप घेतली. देवांना दया आली आणि दोघांचे पक्षी झाले. रोमन कवी ओव्हिड सांगतो, की भर हिवाळ्यात सात दिवस ती लाटांवर तरंगणाऱ्या घरट्यात अंडी उबवते आणि तेवढे दिवस इओलस वारे कोंडून ठेवतो. ॲरिस्टॉटलने हे दिवस चौदा धरले: वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचे सात आणि नंतरचे सात. ग्रीसमध्ये ऐन थंडीत अधूनमधून खरोखरच स्वच्छ, वारा पडलेले दिवस येतात आणि आजही तिथे त्यांना हेच नाव आहे.

पक्ष्याबद्दलची माहिती मात्र साफ चूक. खंड्या पाण्यावर घरटे बांधत नाही, तो मातीच्या दरडीत बीळ कोरतो. तरी समजुती टिकल्या. मेलेला खंड्या टांगला की त्याची चोच वाऱ्याची दिशा दाखवते, असे इंग्लंडमध्ये मानत. टॉमस ब्राउन या डॉक्टरने रेशमी धाग्याला खंड्या टांगून हे तपासले. एकाच खोलीतले दोन पक्षी वेगवेगळ्या दिशांना तोंड करतात, असे त्याने 1646 च्या ग्रंथात नोंदवले. ऐकीव गोष्टीवर विसंबण्यापेक्षा स्वतः करून पाहणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

1821 मध्ये विल्यम स्वेन्सन या इंग्रज पक्षितज्ज्ञाने खंड्यांच्या एका प्रजातीला (म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) हॅल्सियन हे नाव दिले. आपल्या विहिरींवर, तारांवर बसणारा पांढऱ्या छातीचा खंड्या याच प्रजातीतला. पावसाळ्यात कोकणात वीण करणाऱ्या इवल्याशा तिबोटी खंड्याची प्रजाती आहे सीइक्स, म्हणजे अल्क्योनीच्या नवऱ्याचेच नाव.