ओंडके थांबले म्हणजे तोड थांबली?

वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज असा: ‘इंडोनेशिया आणि बर्मा, दोघांची ओंडक्यांची निर्यात शून्यावर आली, म्हणजे तिथली जंगलतोड थांबली.’ निर्यातीचा तक्ता पाहून कुणालाही पटेल असंच आहे ते.

बंदी खरी आहे. इंडोनेशियाने 1985 मध्ये ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं (पुढे ती बंदी काही काळ सैल झाली, पुन्हा आली), म्यानमारने (म्हणजे बर्माने) एप्रिल 2014 पासून. पण बंदी ओंडक्यांवर होती, लाकडावर नव्हे. बंदीनंतर इंडोनेशियातून प्लायवूडचा पूर आला. झाड तेच, फक्त कापून-सोलून निघालं.

पडताळायचं असेल तर व्यापाराच्या आकडेवारीत 4403 हा ओंडक्यांचा क्रमांक (प्रत्येक मालाला असा वर्गीकरणाचा क्रमांक असतो) एकटा पाहू नका. 4407 चिरलेलं लाकूड, 4412 प्लायवूड, तेही जोडा.

आणि मोजमाप विचारा. इथेच गंमत आहे. पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका घ्या. घेराचा चौथा भाग एक फूट; एक गुणिले एक गुणिले दहा, म्हणजे 10 घनफूट. ही व्यापारातली जुनी रीत, चिराईत जाणारी घट धरून केलेली. भूमितीने तोच गोल ओंडका सुमारे 12.7 घनफूट भरतो. एका देशाचे आकडे या रीतीने आणि दुसऱ्याचे त्या रीतीने असतील, तर एकही जादा झाड न तोडता पाव भागाहून अधिक फरक दिसतो.